साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट आणि आमचे हसू

आमच्या शाळेत मराठी बोलणारे आम्ही मोजून अकरा कॅडेट. रविवारी मेसमधून जेवून आलो की ग्रंथालयाच्या मागच्या टेबलाभोवती आमचा मराठी क्लब भरतो. गेल्या सत्रापासून तिथे एक खेळ चालू आहे. 'स्टार ट्रेक' या विज्ञानमालिकेवर प्रत्येकाने एक कथा लिहायची. यान आणि माणसे मालिकेतली, प्रसंग मात्र आपला. कथा बरोबर १०० शब्दांची. वाढलेल्या प्रत्येक शब्दाला पाच पुश-अप. मग कथा मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी मत द्यायचे.

दोन महिन्यांपूर्वी नववीतल्या एका मुलीने आपली पहिली कथा वाचली. तिच्या कथेत एंटरप्राइज यानावरचे सगळे अधिकारी आजारी पडतात आणि १४ वर्षांची एक कॅडेट एकटी यान चालवून सर्वांना घरी आणते. वाचन संपताच मी म्हणालो, "ही तर मेरी सू!" शब्द माहीत असलेले दोघे-तिघे मोठ्याने हसले आणि ते हसले म्हणून बाकीचेही हसले. तिने विचारले, "दादा, मेरी सू म्हणजे काय?" मी म्हणालो, "नंतर सांगतो." सांगितले नाही. त्यानंतर तिने कथा आणलेली नाही.

जे तेव्हा सांगायचे राहिले, ते आज या पानावर सांगतो.

'स्टार ट्रेक' अमेरिकेत १९६६ साली सुरू झाली. पुढच्याच वर्षी चाहत्यांनी तिच्यावर 'स्पॉकनालिया' नावाचे हौशी नियतकालिक काढले. अशी नियतकालिके चाहते स्वतः टंकलिखित करून, सायक्लोस्टाइल करून टपालाने पाठवत. त्यांत चाहत्यांच्या कथा असत आणि पुढच्या अंकात त्या कथांवर वाचकांची पत्रे असत. कुठे पटले, कुठे नाही, स्पॉक असे बोलेल का, यावर वाद चाले. हाच आजच्या 'फॅन फिक्शन'चा एक मोठा उगम. हा प्रकार पोरखेळ राहिला नाही. १९७६ साली अशा निवडक कथांचे 'स्टार ट्रेक : द न्यू व्हॉयेजेस' हे पुस्तक निघाले आणि मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. शंभर शब्दांच्या कथेला 'ड्रॅबल' म्हणतात. तो प्रकार ब्रिटनमधल्या विज्ञानकथाप्रेमींनी १९८० च्या दशकात रुजवला.

मेरी सूचा जन्म १९७३ चा. पॉला स्मिथ नावाच्या चाहतीने एका हौशी नियतकालिकात पानभराची विनोदी कथा लिहिली. तिची नायिका लेफ्टनंट मेरी सू ही ताफ्यातली सर्वांत तरुण लेफ्टनंट, वय अवघे साडेपंधरा. कॅप्टन कर्क तिच्यावर भाळतो, यान तिच्या हाती सोपवतो. स्पॉक तिच्या तर्काचे कौतुक करतो. अधिकारी कैदेत पडतात तेव्हा ती केसांच्या पिनेने कुलूप उघडते. ते आजारी पडतात तेव्हा ती यान इतके उत्तम चालवते की तिला नोबेल शांतता पुरस्कार मिळतो. शेवटी ती मरते आणि सगळे यान रडते. त्या काळी संपादकांकडे अशा नायिकांच्या कथा ढिगाने येत, त्यांची ही थट्टा होती. थट्टा नेमकी बसली आणि नाव कायमचे चिकटले.

म्हणजे आमच्या ज्युनियरच्या कथेला मी दिलेले नाव चुकीचे नव्हते. तिची नायिका एकदाही चुकत नाही, तिला काही गमवावे लागत नाही, म्हणून वाचणाऱ्याला तिची काळजीही वाटत नाही. हा दोष खरा आहे.

तरीही मी चुकलो. कारण त्या शब्दाचे पुढे काय झाले तेही मला माहीत होते. 'स्टार ट्रेक'च्या कथा लिहिणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी होती. कमील बेकन-स्मिथ यांनी त्यांचा अभ्यास करून १९९२ साली 'एंटरप्रायझिंग विमेन' हे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी नोंदवले आहे की अनेक लेखिका आपल्या कथेत स्त्री-पात्र आणायलाच घाबरू लागल्या होत्या. कर्तबगार बाई लिहिली की कोणीतरी 'मेरी सू' म्हणणार, ही ती भीती. एका कथेतला दोष दाखवायला आलेला शब्द शेवटी लिहिणारीचे तोंड बंद करू लागला.

आणि न्याय तरी सारखा होता का? कर्कला चाहते ताफ्यातला सर्वांत तरुण कॅप्टन म्हणूनच ओळखतात. तो जवळपास प्रत्येक भागात यान वाचवतो. त्याला कोणी टोपणनाव दिले नाही. आमच्या टेबलावरही हेच घडले. त्याच रविवारी माझ्या कथेतल्या नायकाने एकट्याने तीन शत्रुयाने पाडली होती. सगळ्यांनी टेबल वाजवले. आमच्या शाळेत मुली येऊन फार वर्षे झालेली नाहीत. देशातल्या सर्व सैनिक शाळाही मुलींना खुल्या झाल्या त्या २०२१-२२ पासून. ज्या मुलीला परेड ग्राउंडवर रोज "तुला हे जमेल का?" हा प्रश्न ऐकावा लागतो, तिने कागदावर तरी "जमेल" असे लिहिले, तर त्यात हसण्यासारखे काय होते?

मग अशा कथेवर काय बोलायचे? खोटे कौतुक करायचे का? मुळीच नाही. त्याचे उत्तर मालिकेतच आहे. १९८७ साली आलेल्या 'द नेक्स्ट जनरेशन'मध्ये वेस्ली क्रशर नावाचा मुलगा आहे. मोठे अधिकारी अडतात आणि हा पोरगा यान वाचवतो. रॉडनबेरी यांचे मधले नावही वेस्लीच! पुष्कळ चाहत्यांना तो मुळीच आवडत नसे. पण हाच वेस्ली अकादमीच्या प्रवेश परीक्षेत पहिल्या वेळी नापास होतो. पुढे तो अकादमीत कॅडेट होतो. १९९२ सालच्या 'द फर्स्ट ड्यूटी' या भागात त्याच्या स्क्वाड्रनमधला एक सोबती उड्डाणाच्या सरावात मरण पावतो. बंदी असलेली कसरत आपण करत होतो हे स्क्वाड्रन लपवते आणि वेस्लीही त्या खोट्यात सामील असतो. कॅप्टन पिकार्ड त्याला बजावतात की अधिकाऱ्याचे पहिले कर्तव्य सत्याशी आहे. शेवटी वेस्ली चौकशीपुढे खरे बोलतो. त्याचे वर्ष वाया जाते, मैत्री तुटते. हा भाग आम्ही हाऊसच्या टीव्ही रूममध्ये पाहिला तेव्हा एरवी चालणारी कुजबुज थांबली होती.

यान वाचवणारा वेस्ली आणि चौकशीपुढे उभा राहिलेला वेस्ली हे एकच पात्र आहे. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी त्याला किंमत मोजावी लागली. आमच्या ज्युनियरला मी एवढेच विचारायला हवे होते : "यान घरी आणताना तुझ्या कॅडेटचे काय गेले?" या एका प्रश्नाने तिची कथा सुधारली असती. माझ्या त्या शब्दाने ती थांबली.

ऑब्स्टॅकल कोर्स संपल्यावर उस्ताद आपल्याला काय सांगतात ते आठवा. "तू नालायक आहेस" असे चांगला उस्ताद म्हणत नाही. तो म्हणतो, "भिंतीवर उडी घेताना डावा पाय उशिरा उचललास. पुन्हा कर." चूक कुठे झाली ते नेमके कळते आणि पुन्हा करायची संधी मिळते. कथेवरचे मतही असेच हवे.

हे फक्त छंदापुरते नाही. आमच्यापैकी अनेक जण एसएसबीला जाणार. तिथे ३० सेकंद एक अंधूक चित्र दाखवतात, चार मिनिटांत त्यावर कथा लिहायची असते आणि मग गटात बसून त्या कथांवर चर्चा करायची असते. दुसऱ्याची कथा नीट ऐकणे, न दुखावता तिच्यातली उणीव दाखवणे, आपली कथा सोडून चांगली कथा स्वीकारणे, हे एका दिवसात येत नाही. आमच्या मागच्या टेबलावर दर रविवारी त्याचाच सराव होऊ शकतो. पालकांना आणि सरांना माझी विनंती आहे की प्रेपच्या वहीच्या शेवटच्या पानांवर अशी कथा सापडली तर ती जप्त करण्याआधी एकदा वाचा. उसन्या यानात बसून का होईना, मूल लिहायला शिकते आहे. यान आधीच तयार असते, म्हणून त्या १०० शब्दांत त्याला माणसाबद्दल लिहायला जागा मिळते.

एक सूचनाही मांडतो. १९७४ साली डॉ. जयंत नारळीकर यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले, पण ते कथेला मिळाले, नावाला नाही. त्यांना आपल्या प्रसिद्धीचा लाभ नको होता. आमच्याकडे अडचण उलटी आहे : ज्युनियरच्या नावाने कथा पडते आणि सिनियरच्या नावाने टेबल वाजते. म्हणून यापुढे सर्व कथा नाव न घालता एका डब्यात टाकायच्या आणि कोणीही कोणतीही उचलून वाचायची, असे मी क्लबमध्ये सुचवले. ते मान्य झाले. दुसरा नियमही झाला : मत देताना टोपणनाव चालणार नाही, कथेतली जागा दाखवावी लागेल.

मी त्या ज्युनियरची माफी मागितली. मेरी सू म्हणजे काय तेही सांगितले, कर्क आणि वेस्लीसकट. ती एवढेच म्हणाली, "मग तुमची तीन यानांची कथा पण तीच ना, दादा?" मी हो म्हणालो. गेल्या रविवारी ती येऊन बसली होती. वही मांडीवर होती, उघडली नाही. येत्या रविवारी डब्यात अकरा चिठ्ठ्या पडतात की दहा, ते मी मोजणार आहे.