दिवसांची गंगाजळी

मागे मदतीची गाडी न ठेवता, स्वतःचे सामान स्वतःच वाहत लांब पल्ल्याचा सायकल प्रवास करण्याकडे नोकरदार वर्गाचा ओढा वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र अशा प्रवासाच्या तयारीचा विचार बहुधा सायकल, तंबू आणि गरम कपडे यांच्या खरेदीपाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. खरेदी आवश्यक आहेच. परंतु स्वावलंबी प्रवासात सर्वांत मोलाची ठरणारी गोष्ट कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती म्हणजे हाताशी राखून ठेवलेले मोकळे दिवस.

या विधानाची सत्यता पटवून देणारा मार्ग म्हणजे मनाली-लेह रस्ता. रोहतांगमार्गे हे अंतर सुमारे पावणेपाचशे किलोमीटर भरते. सपाटीवर सराव केलेल्या सायकलस्वाराला हा आकडा मोठा वाटत नाही. पण मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे आणि पुढे रोहतांग सुमारे ३,९८०, बारालाचा ला ४,८९०, लाचुलुंग ला ५,०६० व तंगलंग ला ५,३०० मीटर अशा चढत्या भाजणीने खिंडी येतात. दारचा मागे पडल्यावर लडाखमधील रुमत्सेपर्यंत बारमाही वस्तीची गावे जवळजवळ नाहीतच. आधार असतो तो हंगामापुरत्या उभारलेल्या तंबूंचा.

उंचीवरील विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला वेळ लागतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची दररोज पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य सल्ला आहे. डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे ही पहिली लक्षणे. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर जिवाला धोका असतो आणि विनाविलंब खाली उतरणे हाच खरा उपाय ठरतो. उत्तम व्यायामाने कमावलेले शरीरही या विकारापासून संरक्षण देत नाही. उलट धडधाकट माणूस वेगाने वर जातो आणि म्हणूनच अधिक सहज अडकतो.

रजेचा हिशेब आणि शरीराचा हिशेब यांचा विरोध येथे उभा राहतो. नऊ दिवसांची रजा आणि परतीचे आरक्षित तिकीट घेऊन निघालेला सायकलस्वार जिस्पाचा मुक्काम हलवून थेट सरचू गाठू पाहतो. दोन्ही मुक्कामांच्या उंचीत हजार मीटरांहून अधिक फरक आहे. सरचूला रात्री त्रास सुरू झाला, तर मागे बारालाचा आणि पुढे लाचुलुंग उभे असतात. खाली उतरण्यासाठीही आधी चढावे लागते! अशा वेळी महागडी सायकल उपयोगी पडत नाही. जिस्पाच्या पुढे दोन टप्प्यांत चढण्यासाठी राखलेले दोन दिवस मात्र हा प्रसंग बहुतेक वेळा येऊच देत नाहीत. दरड कोसळली, किंवा बर्फ वितळून दुपारी नाल्याला पाणी चढले, तर पहाटेपर्यंत शांतपणे थांबण्याची मुभाही याच शिलकीतून मिळते.

सामानाची निवड गौण आहे, असा याचा अर्थ नव्हे. परंतु तिचाही निकष वेळ हाच असावा. सायकलची उंची किंमत पाहण्यापेक्षा तिचा टायर आणि ट्यूब तालुक्याच्या गावी मिळेल का, हे पाहणे शहाणपणाचे. पंक्चर काढणे, तुटलेली चेन जोडणे आणि मोडलेला आरा बदलून चाकाचा आउट काढणे ही कामे हाताला सवयीची असली, तर अर्ध्या-एक तासात मार्ग मोकळा होतो. नसली, तर ट्रकची वाट पाहण्यात दिवस जातो. भार घातलेल्या सायकलीचे आरे बहुधा मागच्या चाकाच्या चेनकडील बाजूचे तुटतात आणि ते बदलण्यासाठी दातेरी चकत्यांचा संच काढावा लागतो. त्याचे हत्यार सोबत असावे आणि ते एकदा घरी वापरून पाहिलेले असावे.

मुंबईच्या सायकलस्वारांनी या क्षेत्रात फार जुना वारसा निर्माण केला आहे. १९२३ मध्ये सहा पारशी तरुण मुंबईहून जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास पूर्ण करून १९२८ मध्ये परतले. आजच्यासारखी हलकी साधने त्या काळी नव्हती. पण त्यांनी या प्रवासाला साडेचार वर्षे दिली होती.

नोकरदाराला साडेचार वर्षे कोठून मिळणार, हा आक्षेप रास्त आहे. दोन आठवड्यांची रजा मिळवतानाच त्याची दमछाक होते. मात्र त्यावरचा उपाय राखीव दिवस कापणे हा नसून मार्ग आखूड करणे हा आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण रजेलाही लागू पडते. आठच दिवस मिळणार असतील, तर कोकणचा सागरी मार्ग काही कमी सुंदर नाही. तेथे चढ-उतार पुरेसे आहेत, दिघी, दाभोळ, जयगड येथे खाडी ओलांडायला फेरीबोट आहे, गावे जवळजवळ आहेत आणि निकड पडल्यास एस. टी. आहे. तेथे एक दिवसाची शिलकही पुरते. मनाली-लेहसाठी मात्र सायकल चालवण्याचे दहा दिवस धरले, तर किमान चार दिवस वेगळे काढावेत. ते जमत नसेल, तर तो बेत पुढील वर्षावर टाकावा.

याच्या जोडीला आणखी एक निर्णय घरीच व्हावा: कोणत्या लक्षणांवर, कोणत्या ठिकाणाहून परत फिरायचे. तो कागदावर लिहून एक प्रत घरच्यांजवळ ठेवावी, कारण उंचीवर थकलेल्या मनाचा निर्णय भरवशाचा नसतो. अडचणीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम वर्षभर वापरावी लागली नाही, म्हणून कोणी ती वाया गेली असे म्हणत नाही. राखीव दिवसांकडेही त्याच दृष्टीने पाहावे. ते उरलेच, तर लेहच्या बाजारात निवांत हिंडण्यासाठी कामी येतील.