पीएफ 'कटत' नाही

मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले तेव्हा 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा आमच्या गल्लीतल्या पोरांनाही पाठ झाली होती. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला आपलं काय गेलं, हे रुपया-पैशात सांगता येतं. पण माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील वाळूजच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे राबतात. त्यांच्याही नावाने दरमहा पेन्शनचे पैसे भरले जातात, याची त्यांच्यातल्या बहुतेकांना कल्पना नसते. विचारलं की उत्तर एकच: "सर, पीएफ कटता ना."

मला वाटतं, शिकवणं सुरू व्हायला हवं ते या 'कटता'पासून. जे कटतं ते गेलं, असा त्या शब्दाचा अर्थ मनात बसलेला आहे. म्हणून गेलेल्यातलं जेवढं हाताला लागेल तेवढं लवकर काढून घ्यायचं, हा त्यांचा हिशोब असतो आणि त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर तो खुळा नाही.

पगारचिठ्ठी समोर ठेवली की चित्र बदलतं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० असेल तर कामगाराचे १२ टक्के म्हणजे १८०० रुपये वजा होतात. तेवढेच १८०० मालक घालतो. मालकाच्या हिश्शातले १२५० पेन्शन खात्यात जातात, ५५० पीएफमध्ये. सरकार पेन्शनमध्ये वरून १.१६ टक्के घालतं. ज्याला १८०० गेले असं वाटत होतं, त्याचे ३६०० जमा झालेले असतात. फळ्यावर ही बेरीज मांडली की मागच्या बाकावरचा माणूसही पुढे सरकतो.

कारखान्यांत 'जागृती' होत नाही असं नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर तासभर पडद्यावर इंग्रजी पाट्या सरकतात, साहेब 'अंशदान', 'नामनिर्देशन', 'पात्र सेवा' असे शब्द वाचून दाखवतात आणि शेवटी हजेरीच्या कागदावर सह्या होतात. याला मी शिकवणं म्हणणार नाही. बी.एड.ला पहिल्याच महिन्यात सांगतात की विद्यार्थ्याला जे माहीत आहे तिथून निघा. आमच्या मराठवाड्यात तर शब्दही शोधावा लागत नाही. निजामाच्या राज्यात पेन्शनला 'वज़ीफ़ा-ए-हुस्न-ए-ख़िदमत' म्हणत, चांगल्या सेवेबद्दलचा वज़ीफ़ा. आज उर्दू शाळेतल्या मुलाला वज़ीफ़ा म्हणजे स्कॉलरशिप एवढंच ठाऊक असतं, पण घरातल्या म्हाताऱ्यांना तो शब्द कळतो. पेन्शन ही खैरात नाही, केलेल्या कामाचा उशिरा मिळणारा मोबदला आहे, हे त्या एका शब्दात सांगून होतं.

सगळ्यात मोठं नुकसान दहा वर्षांच्या अटीपाशी होतं. १९९५ च्या पेन्शन योजनेत किमान दहा वर्षांची सेवा भरली तर ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळते. ती दहा वर्षं एकाच कंपनीत भरायला हवीत असं नाही. पण आमच्याकडे ठेकेदार बदलला की माणूस थेट कॉम्प्युटरच्या दुकानात जातो. दुकानदार पीएफ काढायचा अर्ज भरतो आणि त्याच्याबरोबर पेन्शनचे पैसे काढायचा १०-सी सुद्धा भरून टाकतो. पेन्शनची रक्कम उचलली की तेवढी सेवा पुसली गेली. पुढे पुन्हा एकपासून मोजणी. पंचवीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला माणूस अशाने कागदावर सहा वर्षांचा उरतो. त्याच १०-सीमध्ये पैसे न काढता सेवेचं प्रमाणपत्र घेण्याची सोय असते. आणि नवी नोकरी लागलीच असेल तर जुनी सेवा त्याच यूएएनवर पुढे नेता येते. हे दुकानदार सांगत नाही. त्याची फी अर्जामागे असते.

हिशोबही अवघड नाही. शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार (मर्यादा १५,०००) गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. दहा वर्षांचे २,१४२ रुपये होतात. वीस वर्षं झाली की दोन वर्षं वाढवून धरतात, म्हणून चोवीस वर्षांचे ५,५७१. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये आहे आणि हा आकडा लाजिरवाणा आहे, हेही वर्गात सांगायला हवं. पेन्शन म्हणजे म्हातारपणाची सगळी सोय, असं सांगणारा शिक्षक खोटं शिकवतो. पण तुटपुंजं आहे म्हणून सोडून द्या, हा सल्ला मी पोटभर पगार घेणाऱ्यांकडूनच ऐकला आहे.

आमच्या लोकांत आणखी एक कारण पुढे येतं, सूद. मी मुफ्ती नाही. सक्तीने वजा होणाऱ्या पीएफवर जी वाढ मिळते तिला अनेक उलेमांनी सूद मानलेलं नाही. स्वखुशीने जास्त रक्कम वळवणाऱ्याने मात्र आपल्या आलिमला विचारावं. पेन्शनचा मुद्दा आणखी वेगळा. तिथे तुमच्या नावावर व्याज चढत नाही, वर सांगितलेल्या सूत्राने रक्कम ठरते. सुदाच्या भीतीने पीएफबरोबर पेन्शनची वर्षंही मोडणाऱ्याला हा फरक कोणीतरी जुम्याच्या नमाजीनंतर दहा मिनिटं बसवून सांगायला हवा.

मग नावांचा घोळ. मोहम्मद, मुहम्मद, मो., एमडी, आधारवर एक, कंपनीत दुसरं, बँकेत तिसरं. शेख पुढे की मागे, यावरून दावे अडतात. जन्मतारखेचं तर विचारूच नका. आमच्या शिक्षकांच्या आधीच्या पिढीने अर्ध्या महाराष्ट्राला १ जूनला जन्माला घातलं आहे! दुरुस्ती नोकरी चालू असतानाच करून घ्यावी, कारण नोकरी सुटल्यावर ठेकेदाराचा फोनही लागत नाही.

ठेकेदार पैसे वजा करतो, पण भरतो का? पासबुक दर दोन-तीन महिन्यांनी मोबाइलवर पाहिलं की कळतं. पगारचिठ्ठीत वजावट दिसते आणि पासबुकात तो महिना कोरा, तर चिठ्ठी जपून ठेवून तक्रार करायची. ठेक्यावरच्या कामगारांच्या पीएफची अंतिम जबाबदारी मूळ कंपनीवर असते. 'हमारा आदमी नहीं' म्हणून तिला हात झटकता येत नाहीत.

माझं शाळांच्या संचालक मंडळींना एवढंच सांगणं आहे की रविवारी वर्ग रिकामेच असतात. महिन्यातले चार रविवार द्या, आणि बायकांनाही बोलवा. कामगार नोकरीत असताना गेला तर त्याचं पेन्शनमध्ये एक महिन्याचं योगदान जमा असलं तरी पत्नीला पेन्शन मिळते. दोन मुलांना पंचवीस वर्षांपर्यंत प्रत्येकी वेगळी. शिवाय विमा असतो, कमाल सात लाखांचा, ज्यासाठी कामगाराचा एक रुपयाही जात नाही. हे सगळं मागायला जाणार आहे ती बाई, आणि तिला नवऱ्याचा यूएएन माहीत नसतो. लग्नाआधी लावलेलं अम्मीचं नाव वारस म्हणून तसंच राहिलेलं असतं, तेही लग्नानंतर नव्याने भरावं लागतं. बायका वर्गाला आल्या की मी बारा आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायला लावतो, आणि खाली नवऱ्याचं नाव, आधारवर आहे तसंच.