पाठीवरचे घर

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. न्हावऱ्याच्या आमच्या परिसरात डिसेंबरातली सकाळची पहिली तासिका म्हणजे मुले कानाला मफलर गुंडाळूनच वर्गात बसलेली असतात. ज्ञानेश्वरीचा दुसरा अध्याय शिकवीत होतो. स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगताना कूर्माचा दृष्टान्त आला. कासव जसे आपले अवयव आत ओढून घेते, तसा स्थितप्रज्ञ आपली इंद्रिये विषयांपासून आवरून घेतो. फळ्यावर 'कूर्म' हा शब्द लिहितो न लिहितो तोच मागच्या बाकांवर हशा पिकला. चौकशी केली तेव्हा कळले की, एका विद्यार्थ्याने बादलीत घालून खरोखरीचे कासव आणले आहे. आदल्या दिवशी चारीतला गाळ काढताना ते चिखलात सापडले होते. घरी ठेवले तर कुत्री सोडणार नाहीत, म्हणून तो ते बरोबरच घेऊन आला होता.

"सर, याला घर कसं करायचं?" त्याने विचारले.

मी काही बोलण्याआधीच दुसरा म्हणाला, "याचं घर याच्या पाठीवरच हाय की!"

वर्ग पुन्हा हसला. मीही हसलो. उत्तर चटपटीत होते आणि माझ्या शिकवण्याशी सुसंगतही होते. पण घरी परतताना ते मनात टोचत राहिले. प्रश्न एका जिवंत प्राण्याविषयी होता आणि आम्ही त्याला उत्तर म्हणून एक रूपक दिले होते. वाङ्मयाच्या अध्यापकाने अशा वेळी काय करायला हवे, याचा विचार करताना जे सुचले ते येथे मांडतो आहे.

प्रथम त्या रूपकाची तपासणी करू. कासवाची पाठ हे त्याचे घर नव्हे. ते त्याचे हाड आहे. पाठीचा कणा आणि फासळ्या रुंदावून, एकमेकींना जुळून ते कवच तयार होते. त्यावर आपल्या नखांसारख्या द्रव्याचे आवरण असते. त्याला स्पर्श कळतो आणि इजा झाली की रक्तही येते. घर म्हणजे ज्यातून बाहेर पडता येते आणि ज्यात परत जाता येते ती जागा. कवचातून कासवाला बाहेर पडता येत नाही. शिवाय घराचे जे पहिले काम, उन्हा-थंडीपासून राखण्याचे, ते कवच करू शकत नाही. कासव स्वतःची ऊब स्वतः निर्माण करीत नाही. भोवतालची हवा, माती, पाणी जेवढे उबदार, तेवढेच ते उबदार. थंडी पडली की आधी भूक जाते, मग हालचाल मंदावते. म्हणून कासवाचे खरे घर शोधायचे तर ते त्याच्या बाहेर, भोवतालच्या हवामानात शोधावे लागते.

ही गोष्ट मला नीट कळली ती पुस्तकातून नव्हे. आमची एक माजी विद्यार्थिनी लग्नानंतर उत्तर इंग्लंडमधल्या एका गावात राहते. तिच्याकडे एक कासव आहे. हर्मन जातीचे, म्हणजे मूळचे भूमध्य समुद्राच्या काठच्या प्रदेशातले. पाळीव कासवांच्याच पोटी जन्मलेले आणि कायदेशीर प्रमाणपत्रासह घेतलेले. तिने मला त्याच्या घराचे छायाचित्र पाठवले आणि खाली लांबलचक वर्णन लिहिले. परसात दक्षिणेकडे तोंड करून, दिवसभर ऊन मिळेल अशा जागी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची एक ठेंगणी खोली. आत वरून टांगलेला उष्णतेचा दिवा. त्याच्याखाली तीस-पस्तीस अंशांची ऊब, आणि दुसऱ्या टोकाला गारवा, म्हणजे कासवाला हवे तिकडे सरकता येते. मागे लाकडी पेटी, भिंतींत उष्णतारोधक थर, रात्री पारा फार खाली जाऊ नये म्हणून थर्मोस्टॅटला जोडलेला हीटर. साधी काच सूर्याचे अतिनील किरण अडवते. ते मिळाले नाहीत तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कवच मऊ पडते. म्हणून तसे किरण देणारा वेगळा दिवा. कासव माती उकरून पळते, म्हणून कुंपणाच्या फळ्या जमिनीत खोल गाडलेल्या. कोल्हे आणि उंदीर येतात, म्हणून वर जाळी. आणि ऐन हिवाळ्यात निद्रेचे दोन-तीन महिने ते राहते कुठे, तर एका वेगळ्या फ्रिजमध्ये! तिथले तापमान पाच अंशांच्या आसपास स्थिर राहते, आणि हवा खेळती राहावी म्हणून ती दार अधूनमधून उघडते.

शेवटी तिने लिहिले होते, "सर, तुम्ही हसाल. पण इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मला स्वतःला जे जे हवे होते, तेच याला करून दिले आहे."

मी हसलो नाही. एका मुठीएवढ्या जिवासाठी तिने भूमध्य समुद्राचा एक तुकडा लाकूड, दिवे आणि तारा यांनी बांधून काढला होता. कुणाला हा श्रीमंती छंद वाटेल. मला त्यात एका ऋणाची कबुली दिसते. या प्राण्याच्या पूर्वजांना त्यांच्या उन्हातून उचलून आणले गेले. तेव्हा ते ऊन पुरवण्याची जबाबदारी आता पाळणाऱ्यावर येते. इंग्लंडला ही कबुली द्यायला फार वेळ लागला. विसाव्या शतकात तिकडे भूमध्य प्रदेशातली कासवे दरसाल हजारोंनी आणून बाजारात विकली गेली आणि त्यांतली बहुसंख्य पहिल्या हिवाळ्यातच मेली. १९८४ साली युरोपीय समुदायाने त्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा कुठे हे थांबले.

त्याच देशाच्या वाङ्मयात मात्र कासवाच्या थंडीची दखल दोनशे वर्षांहून आधी घेतली गेली होती. गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाचे 'द नॅचरल हिस्टरी ऑफ सेलबोर्न' हे पुस्तक १७८९ साली प्रसिद्ध झाले. त्यात टिमथी नावाचे एक कासव आहे. ते आधी व्हाइटच्या आत्याकडे होते. तिच्या मृत्यूनंतर, १७८० च्या मार्च महिन्यात, व्हाइटने ते झोपेतच जमिनीतून उकरून काढले आणि घोडागाडीतून आपल्या बागेत आणले. मग तो वर्षानुवर्षे त्याच्या नोंदी करीत राहिला : जमिनीत कधी शिरले, कधी वर आले, पावसाला कसे भ्याले. त्याची एक नोंद मला फार मोलाची वाटते. शरदातले ऊन कोवळे झाले की टिमथी बागेतल्या भिंतीशी जाई आणि आपले कवच तिरपे करून भिंतीला टेकवी, म्हणजे उरलेसुरले ऊन अधिकाधिक अंगावर यावे. व्हाइटने याचा कुठला दृष्टान्त केला नाही. त्याने पाहिले आणि लिहिले. 'टिमथी' मुळात मादी होती, हे मात्र त्यालाही कळले नाही. ते तिच्या मृत्यूनंतर तिच्या कवचावरून उघड झाले. ते कवच आज लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे.

आता आपल्याकडे वळू. पंचतंत्रातला कम्बुग्रीव आपण सर्वांनी शिकवला आहे. दोन हंस काठी चोचीत धरतात, कासव ती तोंडात धरून उडते, लोक ओरडतात, कासव बोलायला तोंड उघडते आणि पडून मरते. तात्पर्य : हितचिंतकांचे ऐकावे, नको तेथे बोलू नये. पण कासवाला उडावे का लागले? अवर्षणाने त्याचे सरोवर आटत चालले होते, म्हणून. पाठीवर घर घेऊन हिंडणाऱ्या प्राण्याला घर सोडण्याची वेळ आली, हे त्या कथेच्या आरंभीच स्पष्ट आहे. कथाकाराला कासवाचे घर कुठे असते ते ठाऊक होते. तात्पर्याच्या घाईत आपण ते वाक्य ओलांडून पुढे जातो. सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना तळे आटणे म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तरीही हा प्रश्न मी वर्गात कधी विचारला नव्हता.

संतवाङ्मयातली कासवी अशीच. ती पिलांना नुसत्या दृष्टीने पोसते, हा संकेत आपल्या परंपरेत रुजलेला आहे आणि गुरुकृपेसाठी याहून कोमल प्रतिमा मिळणे कठीण. प्रत्यक्षात मादी खड्डा करते, अंडी घालते, माती सारखी करते आणि निघून जाते. पिलांकडे वळूनही पाहत नाही. मग प्रतिमा खोटी ठरली का? मला तसे वाटत नाही. कवीला जीवशास्त्राची साक्ष काढायला लावणे हा करंटेपणा होईल. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. कासवी पिलांना नजर देत नसेल, जागा देते. किती ओल, किती ऊन, किती खोल, हे तिने निवडलेले असते. अनेक जातींत पिल्लू नर होणार की मादी हेही त्या मातीच्या उबेवर ठरते. तिचे सारे मातृत्व त्या जागेच्या निवडीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास येथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावकऱ्यांनी समुद्री कासवांसाठी हेच काम केले : अंडी कुंपणाच्या आत, तशाच वाळूत, तेवढ्याच खोल पुरायची आणि पिले निघाली की समुद्राकडे सोडायची. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या २०१६ च्या चित्रपटात मिटून गेलेल्या माणसाचे रूपक आहे आणि किनाऱ्यावर अंडी राखणारी माणसेही आहेत. रूपक आणि प्राणी एकत्र नांदू शकतात, याचा हा मराठीतला चांगला पुरावा.

मी स्वतः ते करू शकलो नव्हतो, हे कबूल करायला हवे. बारा-तेरा वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टाखातर आम्ही शहरातून रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, कानाशी लाल पट्टा असलेले कासव आणले. ती जात अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली, हे तेव्हा मला माहीत नव्हते. नातेवाइकांपैकी कुणी म्हणाले, घरात कासव शुभ, उत्तरेला ठेवा. आम्ही काचेचे भांडे उत्तरेला ठेवले. खोलीत ऊन पश्चिमेकडून येत होते. हिवाळ्यात त्याने खाणे सोडले, डोळे सुजले, पाठ बोटाने दाबली तर दबू लागली. जानेवारीत ते मेले. "त्याचं आयुष्य तेवढंच," असे मी मुलीला सांगितले. त्या जातीचे आयुष्य वीस-तीस वर्षांचे असते. त्या वर्षीही मी वर्गात कूर्माचा दृष्टान्त शिकवलाच होता.

माझे म्हणणे एवढेच आहे. ज्याला प्राण्याचे हवामान बांधता येत नाही, त्याने तो प्राणी पाळू नये. आणि जो प्राणी इथल्याच मातीतला आहे, त्याचे घर बांधण्याचा आव कुणीच आणू नये, कारण ते आधीच बांधलेले आहे. कायदाही हेच सांगतो. चारीत सापडले ते मऊ पाठीचे, मागच्या पायांवर कातडीच्या झडपा ओढून घेणारे कासव वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पाठीवर तारे असलेल्या, चोरट्या व्यापारात सर्रास सापडणाऱ्या कासवालाही २०२२ च्या दुरुस्तीने त्याच अनुसूचीत घेतले आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. ही कासवे घरात ठेवणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. हौस, श्रद्धा किंवा वास्तू ही सबब त्यात चालत नाही.

पण कायद्याचे भय दाखवून विषय संपत नाही. आमच्या भागातल्या कासवाचे घर म्हणजे ओढ्याचा, तळ्याचा, चारीचा चिखल. पाणी आटले की ते त्यात स्वतःला पुरून घेते आणि पाण्याची वाट पाहते. चारीला सिमेंटचे अस्तर लागते, शेततळ्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरला जातो, तेव्हा पाणी वाचते. शेतकऱ्याला ते वाचवावेच लागते. दुष्काळ पाहिलेल्या माणसाने त्याला बोल लावू नये. मात्र त्या तळ्यात चिखल नसतो आणि काठ निसरडा असतो, एवढे तरी आपल्याला दिसायला हवे. एखादी मातीची कड राखणे, आत पडलेल्या जिवाला वर चढता यावे म्हणून दोराची जाळी किंवा फळी टाकणे, ही कामे इंग्लंडमधल्या त्या खोलीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहेत.

त्या दिवशी तास संपल्यावर मी त्या विद्यार्थ्याला थांबवून घेतले. "अरे, याचं घर तू कालच उकरलंस," मी म्हणालो. "जिथून काढलंस तिथेच नेऊन सोड." तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "पण सर, तिथला गाळ तर आम्ही समदा काढलाय."

मला उत्तर सुचले नाही. दुपारी आम्ही दोघे त्याच्या मोटारसायकलवरून गेलो. त्याच चारीवर, बरेच खाली, गाळ अजून काढलेला नव्हता. त्याने बादली तिरपी केली. कासव बराच वेळ हलले नाही; हातपाय, मान, सगळे आत. सकाळी फळ्यावर लिहिलेला दृष्टान्त समोर होता आणि मला त्यात फक्त भय दिसत होते. पुष्कळ वेळाने मान बाहेर आली, आणि ते चिखलात शिरू लागले.