पैसे देऊन तंबूत

परवा आत्याचा फोन होता. यंदाच्या उन्हाळ्यातही फ्रान्सला तंबूत राहायला जायचं म्हणतोय, असं बोलता बोलता सांगून गेले, तर ती पलीकडे एकदम गप्पच झाली. मग म्हणाली, "अगं, घर आहे ना तुम्हाला? मग पैसे देऊन तंबूत कशाला झोपायचं? आणि मागे तर दादालाही घेऊन गेली होतीस म्हणे!"

फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आत्या, हे मुख्यतः तुझ्यासाठी. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. :)

‘मागे’ म्हणजे २०२४ च्या जुलैत. आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे केंटला तीन महिन्यांसाठी आले होते. फोकस्टन आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. तिथे आपली गाडी आगगाडीत चढवायची, गाडीतच बसून राहायचं, आणि पस्तीस मिनिटांत समुद्राखालून पलीकडे. घड्याळ तासभर पुढे करायचं, रस्त्याची बाजू बदलायची, की झालं फ्रान्स. बाबांच्या शेंगेन व्हिसाचे कागद जमवायला मात्र दोन महिने गेले, असो. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून इकडून तिकडे दूधदुभतं न्यायला मनाई आहे, त्यामुळे आईची तुपाची बरणी ऐनवेळी डिकीतून निघून परत फडताळात गेली. हे तिने फार मनाला लावून घेतलं.

मुक्काम होता काँश नदीच्या खोऱ्यात, मोंत्रॉय-स्युर-मेर गावाजवळ. नावाचा अर्थ ‘समुद्रकाठचं मोंत्रॉय’, पण नदीच्या गाळाने समुद्र कधीचाच दहा-पंधरा किलोमीटर लांब गेलाय. नाव तेवढं राहिलं. टेकडीवर तटबंदीचं जुनं गाव, खाली ओलं हिरवं खोरं, बीटाची आणि गव्हाची शेतं, मधूनच पॉप्लरच्या रांगा. ‘काय काय पाहिलंत?’ असं नातेवाईक विचारतात तेव्हा मी अडखळते. पाहण्यासारखं फारसं नाहीच तिथे. आयफेल टॉवर नाही, काही नाही.

फ्रान्समधली कितीतरी छोटी गावं स्वतःची कँपसाइट चालवतात. आमची त्यातलीच एक. कुंपणाच्या झुडपांनी आखलेले हिरवे चौकोन, चार-सहा चौकोनांत मिळून एक नळ, सामायिक न्हाणीघरं, आणि पत्र्याच्या छपराखाली भांडी घासायच्या मोऱ्यांची एक ओळ. संध्याकाळी कार्यालयातल्या वहीत नाव आणि पावांची संख्या लिहायची, सकाळी आठला गरम बॅगेट हातात. वीज मिळते ती सहा अँपिअरची. आईने पहिल्याच सकाळी चहासाठी विजेची किटली लावली आणि आमच्या चौकोनाची वीज गेली.

येता-जाता प्रत्येकाला ‘बोंजूर’ म्हणायचं, हा तिथला अलिखित कायदा. काखेत टॉयलेट पेपर धरून समोरून येणाऱ्या माणसालाही. आणि रात्री भांडी घासायला बहुतेक पुरुषच! आईला याचं इतकं अप्रूप वाटलं की बाबांना तिने मुद्दाम दोनदा नेऊन ते दृश्य दाखवलं. तुपाचा राग तिने तिसऱ्या दिवशी काढला. दुकानातून लोणी आणून गॅसच्या शेगडीवर तूप कढवलं. मी चुकून खारं लोणी आणलं होतं, त्यामुळे बेरी खारट झाली. बाबांनी ती पावाला लावून मिटक्या मारत खाल्ली.

आता मुद्द्याचं.

दरवर्षी तंबू ठोकून झाला की मी मुलांना एक भाषण देते. "बघा, दोन पातेली, एक शेगडी, चार गाद्या. माणसाला जगायला एवढंच पुरतं." थोरला चौदा वर्षांचा, त्याला हे पाठ आहे. धाकटी नऊची, ती अजून ऐकते. त्या दिवशीही भाषण झालं. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी एवढंच विचारलं, "या नदीवर वरच्या अंगाला धरण आहे का गं?"

मी हसले. म्हटलं, "बाबा, सुट्टीवर आलोय आपण!" अगदी नदीकाठची जागा मिळाली म्हणून मी खुशीत होते, सहा महिने आधी नोंदवली होती. बाबा उठले आणि सगळ्या कँपसाइटला एक फेरी मारून आले. वाटलं, पाय मोकळे करताहेत.

चौथ्या रात्री पाऊस आला. इकडचा नेहमीचा भुरभुर पाऊस नव्हे, चांगला आपल्याकडच्यासारखा. दोनच्या सुमाराला मला जाग आली तर बाबांची गादी रिकामी. टॉर्च घेऊन धावत बाहेर पडले. बाबा भांडी घासायच्या छपराखाली उभे होते. पायात बूट, अंगात रेनकोट. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत आम्हा सहा जणांचे पासपोर्ट, त्यांच्या आणि आईच्या गोळ्या, गाडीची किल्ली. मोरीच्या कडेला मुलांचे बूट ओळीने मांडून ठेवलेले.

"काठावर काठी रोवून आलोय," ते म्हणाले. "चार बोटं चढलंय पाणी. अजून काळजी नाही."

मी म्हटलं, "बाबा, अहो, काय हे?"

"आज तारीख काय?"

मध्यरात्र उलटून तेरा लागली होती. आदली बारा. बारा जुलै. पुण्यात वाढलेल्या मला हे सांगायला लागायला नको होतं.

पानशेतचं धरण फुटलं ते १२ जुलै १९६१ ला. पाठोपाठ खडकवासला गेलं आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. शाळेत हे सगळं वाचलंय. आपलं घर तेव्हा नारायण पेठेत होतं आणि ते गेलं, हेही माहीत होतं. पण बाबांनी त्यावर याआधी कधी दोन वाक्यांच्या वर सांगितलं नव्हतं. त्या रात्री छपराखाली उभं राहून त्यांनी तासभर सांगितलं. बारा वर्षांचे होते. आजोबा कामावर गेलेले. आजीने एका हाताने आत्याला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातात कागदांची पेटी, आणि बाबांना म्हणाली, तू स्टोव्ह घे. तो पितळी स्टोव्ह छातीशी धरून ते चढाकडे पळाले. पाणी उतरल्यावर परत आले तर घराच्या जागी चिखल. आधी एका शाळेत, मग ताडपत्रीखाली, मग शहराबाहेर पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या निसेन हटमध्ये. अर्धं पिंप आडवं टाकावं तशी पत्र्याची खोली. उन्हाळ्यात भट्टी, आणि पावसाळ्यात वर असा ताशा वाजायचा की एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. तीन वर्षं काढली तिथे.

"तू म्हणतेस ना, माणसाला एवढंच पुरतं," बाबा शेवटी म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. "पुरत नाही गं. भागवावं लागतं."

आत्या, तू तेव्हा सहा वर्षांची होतीस. तंबू म्हटल्यावर तू फोनवर का गप्प झालीस, हे आता कळतं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्यालयातल्या बाईंना माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं, इथे नदीला पूर येतो का? त्या मला न्हाणीघराच्या मागे घेऊन गेल्या आणि भिंतीवरची एक मळकट रेघ दाखवली. माझ्या कमरेच्या वर. नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये त्या सगळ्या जिल्ह्यात मोठे पूर आले होते, काँशच्या खोऱ्यातली गावं पाण्यात होती. म्हणजे आम्ही तंबू ठोकायच्या सहा-आठ महिने आधी. मी बुकिंग करताना नळ आहे का, वीज आहे का, सगळं पाहिलं. हे पाहिलं नाही.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. वरच्या बाजूला काही मोबाइल होम्स होती. त्यातल्या एकात एक कुटुंब राहत होतं, त्यांचा मुलगा आमच्या धाकटीबरोबर रोज फुटबॉल खेळायचा. "तो किती लकी आहे, हिवाळ्यापासून इथेच राहतोय!" असं ती दोन दिवस मला ऐकवत होती. ते लोक सुट्टीवर नव्हते. त्यांचं घर पुरात गेलेलं, दुरुस्ती व्हायची होती. धाकटीला हे समजावून सांगितल्यावर तिने विचार केला आणि विचारलं, "मग त्यांची सुट्टी संपणार कधी?"

माझं ‘साधं जगणं’ भाषण तिथे कायमचं संपलं.

तर माझं मत असं झालंय. तंबूत राहून आपण साधेपणा शिकत नाही आणि मुलांना कष्टांची जाणीवही करून देत नाही. आपल्या खिशात घराची किल्ली असते. शनिवारी परत जायचंय हे ठाऊक असतं, म्हणून तर ओल्या गादीचं हसू येतं. किल्ली काढून घेतली की तोच तंबू, तोच नळ, तोच पाऊस, आणि ते निर्वासिताचं जगणं होतं. या दोन्हींना एकाच तागडीत घालायचं नाही, एवढं तरी आपण पाळावं. हल्ली मित्रमंडळींत ‘मुलांना जरा खडतर आयुष्य कळू दे’ म्हणून कँपिंगला नेतात, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. मजा करायला न्या. शिकवायला नेऊ नका.

मग जायचं कशाला? याचं उत्तर मला शेजारच्या चौकोनातल्या आजोबांनी दिलं. ते लाँसजवळचे, कोळसा खाणींच्या मुलखातले. त्यांचे वडील आणि आजोबा खाणीत होते. १९३६ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये कायदा झाला आणि कामगारांना पहिल्यांदा वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. (आता ती पाच आठवडे आहे.) त्या उन्हाळ्यात त्यांच्या आजोबांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. घरापासून अवघ्या शंभर किलोमीटरवरचा! हॉटेल परवडणारं नव्हतं, म्हणून तंबू. म्हणजे बघा, आपण ज्याला श्रीमंतांचं गरिबीचं नाटक समजतो, ती तिथे मुळात गरिबांनी मिळवलेली चैन आहे. हे ऐकून बाबा एकदम खुलले. ते स्वतः तीस वर्षं कामगार संघटनेत होते. पुढचे दोन दिवस ते आणि ते आजोबा रोज संध्याकाळी लोखंडी गोळ्यांचा पेताँक खेळत होते. दोघांना मिळून सामायिक शब्द तीन.

आणि दुसरं म्हणजे तो नळ. घरी आम्ही चौघं चार खोल्यांत चार पडद्यांसमोर असतो. शेजाऱ्याचं नाव मला तीन वर्षांनी कळलं. इथे पाणी भरायला गेलं की बोलावंच लागतं. वाड्यात वाढलेल्यांना हे नवीन नाही, आमच्या मुलांना आहे. त्या पावसानंतर आम्ही तंबू वरच्या अंगाला हलवायचा ठरवला, तर न सांगता पाच माणसं आली. कुणी खुंट्या उपटल्या, कुणी गाद्या डोक्यावर घेतल्या. तासाभरात घर हललं. त्या रात्री बाबा सलग नऊ तास झोपले.

परत आल्यावर बाबांनी माझ्या थोरल्याला बसवून निसेन हटची माहिती शोधायला लावली. ती पत्र्याची खोली पीटर निसेन नावाच्या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरने १९१६ मध्ये काढली, पहिल्या महायुद्धात याच फ्रान्स-बेल्जियमच्या पट्ट्यातल्या सैनिकांसाठी. मोंत्रॉय तर तेव्हा ब्रिटिश सैन्याचं मुख्यालय होतं. काँशच्या मुखाशी एताप्लला सैन्याचा अफाट तळ होता, आणि आज तिथे अकरा हजारांवर कबरी आहेत. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या खोलीचं माहेर तिकडचंच की."

तर आत्या, म्हणून पैसे देऊन तंबूत. यंदाची जागा ठरली आहे, तेच खोरं. बाबा या वेळी येणार नाहीत, गुडघे दुखतात म्हणतात. पण काल फोनवर त्यांनी बाकी काही विचारायच्या आत एकच प्रश्न विचारला.

"जागा वरची घेतलीस ना?"

घेतली, बाबा.