दाणे आपण घातले, खारही आपणच बोलावली



गेल्या आठवड्यात स्वाध्याय संपल्यावर विषय निघाला तो खारींचा. उन्हाळा लागला की आपल्यापैकी बहुतेकींच्या परसात किंवा गच्चीवर पाण्याचा परळ आणि ज्वारी-बाजरीचे ताट मांडलेले असते. तक्रार अशी, की चिमण्या-होले राहतात बाजूला आणि खारीच दाणे फस्त करतात. पायपुसण्याचा काथ्या ओढून एक्झॉस्टच्या भोकात घरटे करतात, वायरी कुरतडतात. एकीने सुचवले, "मांजर पाळा, खारी आपोआप जातील." दुसरी म्हणाली, "आमच्याकडे शिक्रा येतो हल्ली, तोच बघून घेतो त्यांच्याकडे." सगळ्या हसल्या. पण या दोन वाक्यांत फार मोठा फरक आहे, आणि तो आपण श्राविकांनी ओळखायला हवा असे मला वाटते.

मी कॉमर्सची पदवीधर. हिशेबात एकच बाजू लिहून भागत नाही. पक्ष्यांना दाणे घातले की पुण्य आपण लगेच जमेला धरतो. पण त्याच दाण्यांवर खार येते, सांडलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे धामण किंवा मांजर. ही नोंद कोणाच्या खात्यावर घालायची? दाणे, फळे, शेंगा हे खारीचे अन्नच आहे. आपण वाढून ठेवले, ती आली. तिला उपद्रवी म्हणण्याआधी एवढे लक्षात घ्यावे.

आता मांजराचे. आपल्याकडे हिंसेचा विचार कृत, कारित आणि अनुमोदना असा तिन्ही अंगांनी करतात. खारी माराव्यात म्हणून मांजर आणणे हे सरळसरळ कारित आहे. आपण काठी उचलली नाही, इतकेच. कार्तिकेयानुप्रेक्षेत तर मांजरासारखे हिंस्र प्राणी बाळगणे अनर्थदंडात धरले आहे. शिवाय मांजर काही खारच निवडून मारत नाही. ताटाखाली दाणे टिपणारा होला त्याला जास्त सोपा. ज्यांच्या घरी आधीपासून मांजर आहे, त्यांनी त्याला नीट सांभाळावे, पण दाण्यांचे ताट मांडू नये. पक्ष्यांना बोलवायचे आणि खाली मांजर सोडायचे, हे दान कसले? खार पिंजऱ्यात धरून गावाबाहेर सोडणे हाही उपाय नव्हे. बंध हा अहिंसाणुव्रताचा अतिचार आहेच, शिवाय मागे घरट्यात पिल्ले असली तर ती उपाशी मरतात. गोंदाच्या पट्टीचे तर नावच नको.

शिक्र्याची गोष्ट वेगळी. त्याला कोणी आणलेले नाही. सरडे, उंदीर, लहान पक्षी, खारी यांवर तो जगतो. त्याला दुष्ट म्हणायचे, तर भारद्वाजाचे काय? तो दिसला की शुभ म्हणून आपण आनंदतो, पण तोही दुसऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले खातो. खारसुद्धा कधीकधी अंडी फोडते. शांतिनाथ भगवंतांच्या पूर्वभवातल्या मेघरथ राजाची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. शरण आलेले कबुतर त्याने शिकारी पक्ष्याच्या हवाली केले नाही, आणि त्या पक्ष्यालाही मारले नाही. म्हणून शिक्र्याला दगड मारू नये आणि त्याने खार नेली तर "बरे झाले" असेही म्हणू नये. ती अनुमोदनाच झाली. तो रोज येऊ लागला, तर आठ-पंधरा दिवस ताट उचलून ठेवावे. पक्षी पांगतात, तोही दुसरीकडे जातो.

माझ्या मते खरा उपाय आपल्या हातातल्या मुठीत आहे. तासाभरात संपतील एवढेच दाणे सकाळी घालावेत. आपण रात्री जेवत नाही, तसे पक्ष्यांचे ताटही सूर्यास्तापूर्वी उचलावे आणि खालची जागा झाडावी, म्हणजे उंदरांना आमंत्रण राहत नाही. ताट भिंतीपासून आणि फांदीपासून लांब, बारीक तारेला टांगावे, कारण खार लांब उडी मारते. पावसाळ्यात ओल्या धान्याला बुरशी येते, जीव पडतात. तेव्हा दाणे बंद ठेवलेले बरे. पाणी गाळलेले असावे, रोज बदलावे आणि परळ घासावा. एक्झॉस्टच्या भोकाला जाळी बसवावी, पण आत पिल्ले नाहीत हे पाहूनच. काही जणी दाण्यांना मिरचीपूड लावतात, कारण पक्ष्यांना तिखट जाणवत नाही आणि खारीला जाणवते. मला ते पटत नाही. जिवाची आग करून हाकलणे हीसुद्धा पीडाच आहे.

जागा असेल तर पेरू, कढीलिंब लावा. झाडाला हंगाम असतो, त्यामुळे गर्दीही बेताची राहते. एवढे करूनही खारीने मूठभर खाल्ले, तर खाऊ द्या. तीही पंचेंद्रिय जीव आहे, तिलाही भूक आहे.

तुमच्याकडे काय करता, ते जरूर कळवा. फक्त मांजराचा उपाय सुचवू नका!

जय जिनेंद्र.