राखणदार ठेवला, पण कडीचं काय?

घरातल्या वस्तूंचीसुद्धा एक उतरंड असते. नवा मोबाइल आला की तो मुलाकडे जातो, मुलाचा बाबांकडे आणि बाबांचा आईकडे. कॉम्प्युटरचंही तसंच. लेकीला कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला, नवऱ्याला ऑफिसने दिला आणि हॉलच्या कोपऱ्यातला तो जुना विंडोज सेव्हनवाला डबा ‘आता तूच वापर’ म्हणून घरातल्या बाईच्या वाट्याला आला. तिलाही त्याचं फारसं काही वाटत नाही. चालतोय ना, मग टाकायचा कशाला, हा तर आपल्याला आजीपासून मिळालेला संस्कार!

संस्कार वाईट मुळीच नाही. पण या डब्यावर ती काय काय करते ते जरा बघा. बचत गटाचा हिशेब, शिकवणीच्या प्रश्नपत्रिका, मसाल्यांच्या ऑर्डरी, सोसायटीच्या मेंटेनन्सची यादी आणि एफडी कधी संपतेय ते बघायला बँकेची साइट. म्हणजे घरातला सगळ्यात जुना कॉम्प्युटर आणि घरातले सगळ्यात नाजूक व्यवहार एकाच टेबलावर! मग कधीतरी कुणीतरी सांगतं, ‘अहो, ते विंडोज केव्हाच बंद झालं.’ त्यावर घरात एक ठरलेलं उत्तर असतं: ‘चांगलासा अँटिव्हायरस टाकून घे, झालं.’

माझं म्हणणं एवढंच, की हे उत्तर अर्धं आहे. आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत तिलाच मोजावी लागते.

आधी ‘बंद झालं’ म्हणजे काय ते समजून घेऊ. विंडोज एक्सपी २००१ साली आलं आणि ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने त्याची देखभाल थांबवली. विंडोज सेव्हनची १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज टेनची १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या तारखेनंतर मशीन बंद पडत नाही. सकाळी बटण दाबलं की नेहमीसारखं सुरू होतं. म्हणूनच तर फसगत होते! थांबते ती फक्त डागडुजी. विंडोजमध्ये अधूनमधून फटी सापडत असतात आणि दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट त्या बुजवणारे अपडेट पाठवते. जुन्या विंडोजसाठी ते येणं बंद होतं.

आता अँटिव्हायरस म्हणजे दारावरचा राखणदार. त्याच्याकडे चोरांचे फोटो असतात, संशयास्पद हालचालही तो ओळखतो. पण मागच्या दाराची कडीच तुटली असेल तर? राखणदार कितीही चोख असला तरी कडी बसवणं हे त्याचं काम नाही. ती घर बांधणाऱ्यानेच बसवायची, आणि त्याने तर हात झटकलेत.

ही दोन कामं किती वेगळी आहेत, ते विंडोज टेनमध्ये स्वच्छ दिसतं. त्यात असलेल्या डिफेंडर या अँटिव्हायरसला नव्या व्हायरसची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. फटी बुजवण्याचं काम मात्र २०२५ लाच थांबलं. घरगुती ग्राहकांनी नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ तेवढी देऊ केली. म्हणजे खुद्द कंपनीच सांगतेय, की राखणदार राहील, गवंडी येणार नाही.

फटीने काय होतं, हे जगाने २०१७ मध्ये पाहिलं. त्या वर्षी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा प्रकार पसरला. फायली कुलूपबंद करून खंडणी मागायची, ही त्याची रीत. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. तो नेटवर्कमधल्या एका मशीनमधून दुसऱ्यात आपोआप शिरत होता, त्यासाठी कुणी काही क्लिक करायची गरज नव्हती. आणि गंमत बघा, ती फट बुजवणारं अपडेट त्याच्या दोन महिने आधी, मार्चमध्येच आलं होतं! ज्यांनी ते घातलं नव्हतं, त्यांच्या घरात चोर शिरला. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला. त्याने पसरायला वापरलेल्या वाटांपैकी एक हीच फट होती. त्याची झळ थेट आपल्या उरणच्या जेएनपीटी बंदरापर्यंत पोचली आणि तिथल्या एका कंटेनर टर्मिनलचं काम विस्कटलं. आता विचार करा. ज्या मशीनला अपडेट येणारच नाही, ते कायमचंच त्या अवस्थेत असतं.

त्यात आणखी एक मेख आहे. नव्या विंडोजमधली फट बुजवली की ती कुठे होती, हे जाहीर होतं. जुन्या विंडोजचा बराचसा नकाशा तोच असतो. मग चोराला शोधाशोधसुद्धा करावी लागत नाही.

मग काय, अँटिव्हायरस घ्यायचाच नाही? तसं नाही हं! पेन ड्राइव्हमधून येणारे, मेलला चिकटून येणारे नेहमीचे व्हायरस तो अडवतो. तो हवाच. फक्त निवडताना ‘सगळ्यात भारी कोणता’ हा प्रश्न सोडून द्या. पुण्याचा क्विक हील असो, कॅस्परस्की असो की अव्हास्ट, नावावरून वाद घालू नका. चार गोष्टी विचारा. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर तुमच्या विंडोजचं नाव आज लिहिलेलं आहे का? दुकानदाराचं ‘चालतंय हो’ पुरेसं नाही. सेव्हनसाठी बऱ्याचदा आधी ‘सर्व्हिस पॅक १’ आणि काही जुने अपडेट घातलेले असावे लागतात, तेही तपासा. दुसरं, फक्त व्हायरसची यादी ताजी होते, की अँटिव्हायरसचा प्रोग्रामसुद्धा? जुन्या विंडोजसाठी कितीतरी कंपन्या जुनीच आवृत्ती देतात आणि यादी तेवढी बदलतात. तिसरं, एक-दोन जीबी रॅमच्या मशीनला तो झेपेल का? नाहीतर पाहुणा पोसता पोसता घरच्यांचीच उपासमार! चौथं, स्वस्त पडतं म्हणून तीन वर्षांचं लायसन्स घेऊ नका. तीन वर्षं तुमच्या विंडोजला त्यांचा आधार राहील, याची खात्री कोण देणार?

आणि एकावेळी एकच. दोन अँटिव्हायरस टाकले की ते एकमेकांवरच संशय घेत बसतात. फुकटात मिळतोय म्हणून ‘क्रॅक’ केलेला तर नकोच नको. कुलूप विकत घ्यायचं ते चोरबाजारातून, असं कुणी करतं का? स्क्रीनवर अचानक ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा’ असं आलं तर फोन करू नका. तो भुरटाच असतो.

पण खरी निवड अँटिव्हायरसची नाहीच. ती आहे कामांची. या मशीनवर काय करायचं आणि काय नाही, हे आधी ठरवायचं. बँक, आयकर, जीएसटी, आधार, मुख्य ईमेल यांतलं काहीही बंद झालेल्या विंडोजवर नको. तिथे एकदा टाकलेला पासवर्ड आपला राहील, याचा भरवसा नाही. टायपिंग, जुने फोटो, गाणी, रेसिपीच्या फायली, हे खुशाल करा. इंटरनेटची वायर काढून केलंत तर उत्तमच.

‘पण मला तेच विंडोज लागतं,’ असं म्हणणाऱ्या बायकाही मी पाहिल्यात, आणि त्यांचं कारण खरं असतं. घरून लग्नपत्रिका, अहवाल करून देणाऱ्या कितीजणींचं काम पेजमेकर आणि जुन्या मराठी फॉन्टवर अडलेलं असतं. तो फॉन्ट नव्या मशीनवर उमटत नाही, जुना प्रिंटर बोलत नाही. त्यांना ‘फेकून दे’ म्हणणं म्हणजे पोटावर पाय देणं. त्यांनी ते मशीन जरूर ठेवावं, पण इंटरनेटविना. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आधी चांगल्या मशीनवर तपासावा. रोजचं काम ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ नसलेल्या खात्यातून करावं. कामाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि ती डिस्क काम झालं की काढून कपाटात! खंडणीवाला आला तर हीच प्रत वाचवते.

ज्यांचं असं काही अडलेलं नाही, त्यांनी त्याच डब्यावर लिनक्स घालून बघावं. लिनक्स मिंट किंवा उबुंटू फुकट मिळतं, त्याचे अपडेट येत राहतात, मराठी टाइप करता येतं. फार जुन्या मशीनला त्यांचे हलके प्रकार चालतात. घरातल्या कॉलेजकुमाराला एक रविवार कामाला लावा. आधी फायलींची प्रत काढून घ्या, म्हणजे झालं.

आणि शेवटी उतरंडीबद्दल. २०१८ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं, की एटीएममधली बंद झालेली विंडोज जून २०१९ पर्यंत बदला. पैसे हाताळणारं मशीन जुनं चालणार नाही, इतका साधा हिशेब. मग घरातले पैसे जी हाताळते, तिच्यासमोरचं मशीन सगळ्यात जुनं का? गेम खेळणाऱ्याला नवं आणि हिशेब लिहिणारीला उरलेलं, ही वाटणी कुणी मुद्दाम केलेली नसते. पडत जाते. पण मैत्रिणींनो, पडलेली वाटणी मोडता येते. यंदा घरात नवा कॉम्प्युटर येईल तेव्हा ‘मला जुना चालेल’ हे वाक्य तोंडातच ठेवा. उलट विचारा, या घरात बँकेचं काम कोण करतं? नवा कॉम्प्युटर तिच्या टेबलावर!