उताराचा वेग, चढाचा वेग

घरातील इंटरनेटची तांब्याची तार ठेवावी की तिच्या जागी काचेचा तंतू आणावा, हा प्रश्न वरकरणी वीजजोडणी, गॅसजोडणी यांच्या पंक्तीतला आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यावर मत मांडावे असे त्यात काही दिसत नाही. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि राहतो हिवरखेडला, म्हणजे अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आमच्या घरी अजून डीएसएल आहे. ती बदलावी का, याची चर्चा घरात बरेच दिवस चालू आहे. हा प्रश्न बहुधा चुकीच्या टोकाने विचारला जातो, असे त्या चर्चेतून आमच्या ध्यानी आले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडा इतिहास. भारत संचार निगमने २००५ च्या जानेवारीत ‘डेटावन’ ही सेवा सुरू केली आणि टेलिफोनच्या जुन्याच तारेवरून अखंड इंटरनेट घरोघरी येऊ लागले. वेग सेकंदाला २५६ किलोबिट. काही योजनांत महिन्याची मर्यादा अवघी ४०० एमबी, तर काहींत रात्री दोन ते सकाळी आठ मोकळे रान. मराठी संकेतस्थळांची पहिली बहरलेली पिढी याच तारेवर वाढली. युनिकोडमधील देवनागरी रुळत होती, वादविवाद रंगत होते, आणि कोणालाही वेग कमी पडतो आहे असे फारसे जाणवत नव्हते.

जाणवणार तरी कसे? मजकूर फार हलका असतो. काना-मात्रा धरून तीन लाख चिन्हांची कादंबरी घेतली, तर युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे सारी कादंबरी एक एमबीच्या आत बसते. २५६ किलोबिटच्या तारेवरून ती अर्ध्या मिनिटात उतरते. वाचायला मात्र दोन-तीन दिवस लागतात. तेव्हा ‘वाचणाऱ्या माणसाला एवढा वेग कशाला?’ हा आमच्याच घरात विचारला गेलेला प्रश्न तर्काला धरून आहे. वाचकापुरते बोलायचे तर २००५ सालची तारही पुरेशी होती, हे आम्ही मान्य करतो.

पण डीएसएलचे पुरते नाव एडीएसएल. त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ ‘असममित’. टेलिफोनच्या तारेवर बोलण्याचा आवाज ४ किलोहर्ट्झच्या आत मावतो आणि त्यावरचा सारा पट्टा मोकळा असतो. एडीएसएलने तो पट्टा वाटून घेतला. घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीला साधारण २६ ते १३८ किलोहर्ट्झची चिंचोळी पट्टी मिळाली आणि बाहेरून आत येणाऱ्या माहितीला तिथपासून ११०० किलोहर्ट्झपर्यंतचे ऐसपैस मैदान. मराठीत आपण ‘उतरवून घेणे’ आणि ‘चढवणे’ असे म्हणतो. या तारेवर उतार प्रशस्त आहे आणि चढ म्हणजे पायवाट. ही वाटणी अभियंत्यांनी विचारपूर्वक केली होती. घरी बसलेला माणूस घेणारा असतो, देणारे दूर कुठेतरी असतात, हे त्यामागचे गृहीतक.

हेच गृहीतक सरकारी व्याख्येतही आढळते. २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडची किमान पायरी २५६ किलोबिट ठरवली, २०१३ मध्ये ती ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. आकडा दोनदा वाढला. पण मोजला गेला तो फक्त उतरवण्याचा वेग. गावाकडून बाहेर किती वेगाने काही जाऊ शकते, हे व्याख्येत विचारलेच गेले नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात ओळखीचे काहीतरी दिसावे. पुस्तके पुण्या-मुंबईत निघणार, समीक्षा तिथेच होणार, आणि वऱ्हाडाने ती वाचायची! उद्धव शेळके यांच्या ‘धग’सारखी (१९६०) कादंबरी हा प्रवाह उलटा फिरवते तेव्हा तिचे कौतुक होते, पण अशा कृती मोजक्या, आणि त्याही छापील.

छापील म्हटले, कारण बोलीचा निम्मा ऐवज छापण्यात हरवतो. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो आणि ‘काळा’चा ‘काया’, एवढे कागदावर दाखवता येते. ‘करून राह्यला’ हेही लिहिता येते. परंतु वाक्याच्या शेवटी ‘बापा’ म्हणताना सूर कुठे चढतो, कुठे लांबतो, आणि त्या लांबण्याने विनंतीचा टोमणा कसा होतो, ते लिपीत येत नाही. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत, पण ते कागदावरचे. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणात प्रत्यक्ष आवाज ध्वनिमुद्रित झाले, ही मोठीच मजल. तरीही दोन्ही वेळा पुढाकार बाहेरचा होता आणि नमुना बाहेर गेला. गावात राहणाऱ्या, रोज ही बोली ऐकणाऱ्या मराठीच्या अध्यापकाने आपल्या हाताने काही चढवावे, अशी सोय नव्हती.

आता पुन्हा हिशेब करू. भाषाभ्यासाला उपयोगी पडेल असे, दाब न दिलेले, एक तासाचे साधे ध्वनिमुद्रण सुमारे ३१७ एमबीचे होते. आमच्या तारेवर उतार २ मेगाबिटचा आणि चढ त्याच्या आठव्या हिश्शाचा, म्हणजे २५६ किलोबिट. हे मुद्रण कोणी आम्हांला पाठवले तर एकवीस-बावीस मिनिटांत हाती येते. आम्ही पाठवायचे म्हटले तर पावणेतीन तास लागतात, आणि मध्ये वीज गेली की बहुधा पुन्हा पहिल्यापासून. काचेच्या तंतूवर दोन्ही बाजूंना ३० मेगाबिट धरले तरी तेच काम दीड मिनिटाचे. संदेशाच्या अ‍ॅपवरून आवाज लवकर जातो हे खरे. पण तो दाबून, काटछाट होऊन जातो, आणि सुराच्या अभ्यासाला नेमकी ती काटछाट नडते.

हा फरक गैरसोयीपुरता राहत नाही. पानपिंपळीच्या मळ्यात काम करणाऱ्यांचे शब्द, जात्याच्या ओव्या ज्यांना अजून पाठ आहेत त्या म्हाताऱ्या बाया, डोंगरातून बाजाराला उतरणाऱ्या कोरकू माणसांची वऱ्हाडी, जी त्यांच्या ऑस्ट्रो-आशियाई कुळातल्या मातृभाषेवर चढलेली आहे: हे सारे आमच्या घरापासून फार दूर नाही. पण ते बोलणारी पिढी दरवर्षी थोडी थोडी कमी होते आहे. आणि ऐकून, गोळा करून लिहिणे ही तर या मातीची जुनी रीत. म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी ऐकणाऱ्यांकडून माणसे गाठून गाठून जमवल्या आणि तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. ज्या रिद्धपूरशी त्या ग्रंथाचे नाते आहे, तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. दर्जाचे सोहळे झाले. आता ऐवज जमवण्याचे काम कोणी करायचे, हा प्रश्न आहे.

२०२० च्या टाळेबंदीत तासांसाठी पडद्यासमोर बसावे लागले तेव्हा ही असममिती उघडी पडली. शिकणाऱ्याला उताराचा वेग लागतो, शिकवणाऱ्याला चढाचा. गावातून शिकवणाऱ्या कितीतरी अध्यापकांचे चेहरे वाक्याच्या मध्यावर गोठत होते ते याच कारणाने.

आता आक्षेप. मोबाइल असताना घरच्या जोडणीची गरज काय? मोबाइलचा वेग टॉवरवरच्या गर्दीप्रमाणे बदलतो आणि त्याचाही झुकाव बहुधा उताराकडेच असतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: रुंद वाट केली की तीवरून मालिका आणि क्रिकेटच येणार, वाचन आणखी घटणार. ही भीती आम्हांला खोटी वाटत नाही. मात्र चित्रफितींचा पूर मोबाइलवरून घरात केव्हाच शिरला आहे. मंद तार ठेवून तो अडलेला नाही. मंद तारेने अडतो आहे तो आमचा चढ.

खर्चाचे आणि व्यवहाराचेही पाहावे. काचेच्या जोडणीच्या योजना महिना चारशे-पाचशे रुपयांपासून मिळतात, वर १८ टक्के जीएसटी. तांब्याच्या तारेचा एक गुण मात्र मोलाचा होता. तिच्यातून एक्सचेंजचीच वीज येत असल्याने घरात अंधार असला तरी साधा टेलिफोन चालत असे. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. तेव्हा भिंतीवरच्या यंत्रासाठी इन्व्हर्टरची सोय हवीच. आणि नवे सुरू होण्याआधी जुने तोडू नये, हे हिवरखेडला वेगळे सांगायला नको. अकोला–खांडवा मीटरगेज मार्गावर आमचे स्टेशन होते. रूळ रुंद करण्यासाठी तो मार्ग बंद झाला. अकोला–अकोट टप्प्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रॉडगेज गाडी धावली, पण हिवरखेडच्या वाट्याला त्यानंतरही वाट पाहणेच आले. म्हणून काचेची जोडणी एक पावसाळा नीट चालल्यावरच तांब्याची सोडावी.

आमचा कौल बदलण्याच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. जोडणी घेताना जाहिरातीतला मोठा आकडा बाजूला ठेवून ‘चढाचा वेग किती?’ एवढे विचारावे, आणि घरी आल्यावर हाच प्रश्न स्वतःला विचारावा. महिन्याला निदान एक तासाचे ध्वनिमुद्रण, बोलणाऱ्याच्या संमतीने, गाव-तारीख नोंदवून, सर्वांना ऐकता येईल अशा ठिकाणी चढवायचे, असे आम्ही ठरवले आहे. मराठीच्या प्रत्येक विभागाने एवढे केले तर पाच वर्षांत बोलींचा एक बोलता संग्रह उभा राहील. ते होणार नसेल, तर वाचण्यापुरती जुनी तार खरोखरच पुरेशी आहे. पैसे वाचवावेत आणि त्यांची पुस्तके घ्यावीत.